शैलाताईंच्या शेजारची खाट

शैलाताई बर्वे माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी हाताकडे. इंदूरच्या आमच्या नर्सिंग कॉलेजात त्या सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत आणि मी शरीररचना. मी नोकरीला लागले त्या दिवशी ओळख करून घ्यायला गेले, तर म्हणाल्या, "आधी अंगठी काढ. तिच्याखाली जंतूंचं अख्खं विजय नगर नांदतंय." मला रागच आला होता.

मुलींना हा विषय म्हणजे डोक्याला ताप. जंतूंची नावं परीक्षेपुरती घोकायची आणि विसरायची. "मॅडम, आपल्याला तर इंजेक्शनच लावायचंय ना? जंतू तो डॉक्टर देखेंगे," असं एकीनं तोंडावर सांगितलं. शैलाताई भडकल्या नाहीत. "बेटा, डॉक्टर एक चक्कर मारून जातो. दिवसभर पेशंटला हात कोण लावतं? तू. जंतूला पाय नसतात, तो तुझ्या हातावर बसून जातो." हातमोज्यांवरून तर त्या रोज बोलत. मोजे चढवले की मुलींना आपण सोवळ्यात आहोत असं वाटे, आणि त्याच मोज्यांनी त्या साऱ्या वॉर्डभर फिरत. "मोजे तुला वाचवतात गं. पुढच्या पेशंटला कोण वाचवणार?"

गेल्या वर्षी त्या घरात पडल्या. खुब्याचं ऑपरेशन चांगलं झालं, पण जखम चिघळली. मी भेटायला गेले तेव्हा ड्रेसिंग करणारी सिस्टर त्यांचीच विद्यार्थिनी निघाली, ममता. शेजारच्या खाटेवर इंदूरजवळच्या बेटम्याची एक बाई होती, पोटाचं ऑपरेशन झालेली. शैलाताईंची पट्टी बांधून ममता तशीच तिच्याकडे वळली.

"ममता, मोजे!"

ती थबकली. मोजे काढून तिनं नव्या मोज्यांच्या डब्यात हात घातला, डबा रिकामा होता. "मॅडम, पूर्ण वॉर्डात मी एकटी आहे. डबा दुपारीच खतम होतो. बताओ ना, काय करू?" ती रडायला लागली.

तपासणीचा रिपोर्ट आला. जखमेतल्या जंतूवर कुठलंच औषध धड लागू पडणार नव्हतं. त्यांनी तो स्वतः वाचला आणि मला म्हणाल्या, "हा जंतू मी घरून नाही आणला, इथलाच आहे. माझं जाऊ दे. त्या बाईला हलवायला सांग." मी सांगितलं, विनवण्या केल्या. दुसरी खाट नाही, एवढंच उत्तर मिळालं. "जन्मभर शिकवलं, काय उपयोग झाला?" असं त्या प्रथमच म्हणाल्या. मला खोटासुद्धा धीर देता आला नाही. पुढे त्यांना अतिदक्षता विभागात नेलं आणि तिथेच त्या गेल्या.

त्यांचं राहिलेलं सामान घ्यायला मी वॉर्डात गेले. भर दुपारी बेटम्याची बाई दोन कांबळ्यांखाली कुडकुडत होती. मला बघून तिनं विचारलं, "बहनजी ठीक होके घर चली गईं?"

"हां," मी म्हणाले.

"चलो, अच्छा हुआ," ती हसली. "अब मेरी भी छुट्टी हो जाएगी."