जिवली मावशीची मुंबई

सायवनची आमची जिवली मावशी गेली. पण तिचं नाव निघालं की तिचा भाचा तुषार आधी हसतो, मग डोळे पुसतो.

जन्मभर ती घोलवडच्या वाडीत चिकू वेचायला गेली, सुट्टी कशी ती तिला ठाऊकच नाय. २०१७ च्या होळीनंतर तुषारने तिला दोन दिवस मुंबईला नेली. पहिल्याच सकाळी ती पिशवी भरून बसली. बोलली, "बघितली तुझी मुंबई. आज गाडीत बसव मला."

तुषारचं तोंडच उतरलं. तिच्यासाठी त्याने रजा काढलेली. "बरं, जाऊ. पण आधी बागेत एक चक्कर मारू," तो बोलला.

बागेत मावशी एकदम थांबली. मोहाचं झाड! खाली फुलांचा सडा, आणि लोकं त्यावरून चालत होती. ती खाली बसली आन् पदरात फुलं वेचायला लागली.

वॉचमन धावत आला. "ओ आजी, फुलं तोडायची नाय!"

"तोडतंय कोण? झाडानेच टाकलीत. तुम्ही तुडवता ते चालतं होय?"

वॉचमन हसायलाच लागला. तुषार लाजून लांब उभा होता.

"तुषऱ्या, वाक की जरा! नुसतं पोट वाढवलंस इथे."

तोही वाकला. पदर भरल्यावर तो बोलला, "चल मावशी, गाडी चुकेल."

"कसली गाडी? उद्या पहाटे परत पडतील ना फुलं! ती काय तुझा बाप वेचणार?"