अनुमोदक बलभीम

ईट गावाजवळच्या माळावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तेव्हापासून बलभीम तिथं रखवालदार आहे. "एवढा मोठा पंखा कोण खांद्यावर टाकून नेणार? असलीच राखण मला जमंल, हे कंपनीनं बरोबर हेरलं," असं तो स्वतःच सांगतो. चोर खरे तांब्याच्या तारेसाठी येतात. पण ते त्याच्या सांगण्यात बसत नाही.

गावातही त्याच्याकडे असंच एक काम होतं. ग्रामसभेत ठराव मांडतो तो सूचक आणि त्याला दुजोरा देतो तो अनुमोदक. सूचक व्हायला भांडणं होत, दुजोऱ्याला मात्र कुणी उत्सुक नसे. ग्रामसेवक गुरुप्रसाद भाऊसाहेबांनी "अनुमोदक?" असं विचारलं, की भिंतीला टेकलेल्या बलभीमचा हात आपोआप वर जाई. रात्रपाळीहून आलेला माणूस, बहुतेक वेळा जागा तरी कुठं असायचा! "लोक झोपंत घोरत्यात, म्या अनुमोदन देतो," असं म्हणून तो चहा मागून घेई.

पंधरा ऑगस्टच्या सभेत गावातल्या धोंडप्पांनी ठराव मांडला: कंपनीच्या ट्रेलरमुळे ओढ्यावरची मोरी फुटली आहे, ती कंपनीनं बांधून द्यावी, तोवर जड वाहनं बंद. भाऊसाहेबांनी सवयीनं विचारलं. हात सवयीनं वर गेला.

चौथ्या दिवशी कंपनीचे साइट मॅनेजर उत्कर्षसाहेब यांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्या मोबाइलवर ठरावाचा फोटो होता.

"कंपनीचा पगार घेता आणि गावात कंपनीविरुद्ध बोलता?"

"बोललो न्हाय साहेब. नुसता हात केला."

"तेच ते."

"अन् त्या दिवशी मला सुट्टी होती."

"सुट्टी ड्युटीला असते बलभीमराव, नोकरीला नसते." साहेब पोरगेलेसे होते, मनानं वाईट नव्हते. त्यांनी आवाज खाली आणला. "वरून फोन आलाय. नाव चुकून लागलं, ठरावाशी माझा संबंध नाही, एवढं लिहून द्या. नाहीतर एक तारखेपासून येऊ नका."

दर महिन्याला पगार येणारी घरं गावात बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातलं एक आपलं आहे, याचा बलभीमला गुपचूप अभिमान होता. तो तसाच ग्रामपंचायतीत गेला.

"भाऊसाहेब, आपल्याला बोलायचा हक्क हाय का न्हाय?"

"आहे की. घटनेतच आहे. पण तो सरकारपुढं. खासगी कंपनीनं काढलं तर लेबर ऑफिसला जावं लागतं, आणि तुम्ही तर कागदोपत्री कंपनीचेही नाही, रखवालदार पुरवणाऱ्या एजन्सीचे."

"म्हंजी हक्क कंपनीच्या गेटातून आत जात न्हाय."

"गेटवर तर तुम्हीच असता!" भाऊसाहेब हसले, मग गंभीर झाले. "लिहून देताय तर द्या. पण तो कागद ते ठरावाला जोडतील. अनुमोदकाचं नाव खोटं म्हणून सगळा ठराव खोटा ठरवतील. मोरी राहिली मग."

घरी त्याची बायको कडूबाई चाऱ्याचा भारा उतरवत होती. ओढ्यातून आल्यामुळे लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"इतक्या वर्सात एकदा कामाचा हात वर झाला, अन् त्योबी झोपंत!"

"झोपंतच बरा व्हता. जागा असतो तर खालीच ऱ्हायला असता."

"मोरी फुटली तवा ट्रेलरम्होरं शिट्टी कोण वाजवत व्हतं?"

"म्याच. 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणत."

"मंग लिवा काय लिवायचं ते," म्हणून ती म्हशीकडे वळली.

बलभीमनं तीन कागद फाडले. चौथा दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी तो वाचला: "हात माझाच आहे. ठरावाच्या वेळी मी डुलकीत होतो, ही माझी चूक. आता ठराव दोनदा वाचला. बरोबर आहे. ट्रेलर मोरीवर मीच शिट्टी मारून घेतला, तेही यात लिहावं."

"अहो, तुम्हाला वाचवायला बघत होतो मी!"

"ठावं हाय साहेब. पर मला वाचवायचं म्हंजी सोपं काम न्हाय. बायकोबी थकली."

साहेबांनी ड्रॉवरमधून एक छापील फॉर्म काढून पुढं सरकवला. बलभीमनं बॅटरी, टोपी आणि किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. तिसरं कुलूप उलटं फिरतं, हे नव्या माणसाला सांगा, म्हणाला. फॉर्मवर काम सोडण्याचं कारण आधीच छापलेलं होतं: वैयक्तिक.

"ह्ये खोडू का?" त्यानं विचारलं. "ओढा सगळ्या गावाचा हाय. माझं वैयक्तिक म्हणलं तर लोक हसत्याल."

साहेबांनी स्वतःचा पेन त्याला दिला.