गव्हाच्या बिअरमधले केळे

गव्हाच्या बिअरला पिकल्या केळ्याचा वास येतो, हे विधान मी आजवर बाटलीवरच्या मजकुराचे पाठांतर मानत आलो. म्हणूनच परवा दुपारी वसंता आणि मधू या जुन्या मित्रांना चव घ्यायला बोलावले, तेव्हा रंगावरून काही कळू नये म्हणून मी स्टीलचे पेले मांडले. तीनपैकी एका पेल्यात मुद्दाम साधी बिअर ओतली, उरलेल्या दोन्हींत गव्हाची.

"ताक वाढतोयस का, अण्णा?" मधू म्हणाला. संगनमत नको म्हणून त्याला मी गॅलरीत उभे केले.

वसंताने पहिला पेला हुंगला. "शिकरण!" दुसराही तसाच. तिसरा मात्र त्याने लगेच खाली ठेवला. "यात काही नाही. परीक्षा घेतोस होय रे आमची?" मग मधू आत आला आणि त्यानेही नेमका तोच पेला बाजूला सारला.

मी तिन्ही पेले पुन्हा पुन्हा हुंगले. मला तिन्हींचा वास सारखाच आला.

"सर्दी झाली असेल," मधू हळूच म्हणाला. सर्दी नव्हती.

आयुष्यभर मी इतरांच्या हकिकती खोडत आलो. त्या खोडताना स्वतःचे नाक शाबूत असल्याचे मी गृहीतच धरले होते. संशयाला तेवढी एक जागा वर्ज्य होती.

"पिकलेलं केळं की कच्चं?" मी उलटतपासणीच्याच सुरात विचारले.

वसंता तो वास सावकाश सांगू लागला, आणि मी त्याचे बोलणे मध्येच तोडले नाही.