चतुराबाईचा मुतखडा

पिंपळगाव बसवंतच्या चतुराबाईचा विश्वास कुणावरच नव्हता. दूधवाल्याचं दूध ती नखावर घेऊन बघायची, भाजीवाल्याच्या काट्याखाली हात फिरवायची. सून उज्वला देवळात जाते म्हणाली, तरी ती कोणत्या बाजूला वळली ते दारातून न्याहाळायची. ती कामाला जायची त्या, द्राक्षं निवडून खोक्यांत भरायच्या पॅकहाऊसमध्ये मात्र हाच गुण उपयोगी पडायचा. वरून टवटवीत दिसणाऱ्या घडातला कुजका मणी तिच्या कात्रीतून सुटत नसे.

ऐन हंगामात एका दुपारी तिच्या उजव्या कुशीत कळ आली. पाठीतून निघाली ती थेट जांघेत उतरली. कात्री हातातून गळाली, क्रेटला धरून ती खाली बसली आणि भडाभडा ओकली. शेजारी काम करणाऱ्या बयाबाईनं तिला रिक्षात घातलं, उज्वलाला फोन केला.

दवाखान्यात इंजेक्शन झालं, लघवी तपासली, सोनोग्राफी झाली. "मुतखडा आहे, मावशी," डॉक्टर म्हणाल्या. "किडनीतून निघून खालच्या नळीत अडकलाय. बारीक आहे. गोळ्या घ्या, पाणी प्या, बहुतेक आपोआप पडेल."

चतुराबाईनं सोनोग्राफीचा कागद उजेडात धरला. काळ्या-पांढऱ्या ढगांशिवाय तिला काही दिसेना.

"हे माझंच पोट कशावरून?" वाटेत तिनं उज्वलाला विचारलं. "आन् आपोआप पडणार असंल, तर गोळ्या कशाला?"

इंजेक्शननं कळ थांबली होती. त्यामुळे तर तिची खात्रीच पटली, की खडाबिडा काही नाही, आपल्याला फसवलं. गोळ्यांची पिशवी खुंटीवर राहिली. दोन दिवसांनी पुन्हा कुशीत दुखायला लागलं, तशी बयाबाई म्हणाली, "पलीकडच्या गावात एक बाबा हाय. पोटाला नळी लावून तोंडानं खडा ओढून काढतो. चिरफाड नाय, काय नाय."

चतुराबाई बयाबाईबरोबर गेली, पण डोळे उघडे ठेवून. तिच्या आधी एक शेतकरी होता. बाबानं त्याच्या पोटाला पितळी नळी लावली, गाल आत ओढले आणि ताटलीत खडा थुंकला. मग एका पोरीचा नंबर लागला. पुन्हा तेच, पुन्हा खडा. दोन्ही खडे करडे, गुळगुळीत, एकाच नदीत घासल्यासारखे.

चतुराबाईचा नंबर आला. बाबानं नळी उचलली.

"आधी चूळ भरा," ती म्हणाली.

"काय?"

"चूळ भरा. माझ्यासमोर. मंग लावा नळी."

"बाई, विश्वास नसंल तर गुण येत नसतो."

"गुणाचं माझं मी बघते. तुम्ही तोंड उघडा."

बाबा तावातावानं बोलत होता, पण त्याचा डावा गाल जागचा हलत नव्हता. बयाबाई ओशाळून तिचा पदर ओढायला लागली. चतुराबाई पोट झाकून उठली आणि चपला घालून चालायला लागली.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये असली कळ आली, की तिनं बयाबाईच्या दंडात नखं रुतवली. घरी पोचताच उज्वलानं तिचं काही न ऐकता तिला तडक दवाखान्यात नेलं.

"खडा पडंल म्हणता," जरा सावरल्यावर तिनं डॉक्टरांना उलटा सवाल केला. "पण पडला हे मला कळणार कसं? तुम्ही सांगणार, मी ऐकणार?"

"नाही, तुम्हीच बघा," डॉक्टर म्हणाल्या. "चहाची जुनी गाळणी घ्या. प्रत्येक वेळी लघवी गाळा. खडा आला की घेऊन या, तपासू. पण ताप आला, हुडहुडी भरली किंवा लघवी अडली, तर वाट बघायची नाही. तडक यायचं."

तुम्हीच तपासा, असं चतुराबाईला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

"दिवसभरात पाणी किती पिता?"

"बाटली भरलेली नेतात, भरलेलीच आणतात," उज्वला मध्येच म्हणाली.

चतुराबाईनं सुनेकडे रोखून बघितलं, मग मान खाली घातली. "पॅकहाऊसच्या संडासाला कडी नाय, बाई. बिनकडीच्या दारामागं मी बसायची नाय. बाहेरून कोण येईल, काय सांगावं? म्हणून पाणीच पीत नाय."

"तिथंच खडा धरला तुमचा," डॉक्टर म्हणाल्या. "लघवी पाण्यासारखी नितळ दिसली पाहिजे, इतकं प्यायचं. लोणचं, पापड, मीठ कमी. दूध बंद करू नका."

पाचव्या दिवशी सकाळी गाळणीत काहीतरी वाजलं. मोहरीएवढं, तपकिरी, काटेरी. चतुराबाईनं ते तळहातावर घेतलं आणि हाक मारली, "उज्वला! तुला बी दिसतंय ना?"

"दिसतंय, आत्या."

तरी तिनं पुढच्या आठवड्यात नाशिकला दुसऱ्याच ठिकाणी सोनोग्राफी केली. आधीचा कागद लपवून. नळी मोकळी असल्याचं तिथल्यांनीही सांगितलं, तेव्हा कुठं तिनं मानलं.

कामावर परतली ती थेट सुपरवायझर मयूरपुढं. "संडासाला कडी लाव. तोवर मी घडाला हात लावत नाय."

"लावतो ना मावशी, आज लावतो."

"आज म्हंजी कोणता आज?" म्हणून ती तिथंच उभी राहिली. तिच्याबरोबर बाकीच्या बायांनीही कात्र्या खाली ठेवल्या. माल खोळंबला, तसा वेल्डिंगवाला धावत आला.

कडी बसली. चतुराबाई आत गेली, कडी सरकवली आणि ओरडली, "बयाबाई, आता बाहेरून ढकल."

बयाबाईनं खांदा लावला. दार हललं नाही.

"जोर लाव की," आतून आवाज आला. "मला फसवू नको."