नावाची कडी

लातुरात अजूनही काही जण म्हणतात, पंचशीलाबाई सोनकांबळे म्हणजे भांडखोर बाई. म्हणणाऱ्यांत निम्मे असे आहेत, ज्यांनी जन्मात कोणाशी भांडायची हिंमत केली नाही. मी त्यांच्यातलाच, म्हणून छातीठोक सांगतो: बाई भांडखोर नव्हत्या. त्यांना खोटं गिळता येत नव्हतं, एवढंच. आणि खोटं न गिळणाऱ्या बाईला आपल्याकडे दुसरं नाव नाही.

त्या मूळच्या मुखेडकडच्या. धम्मदीक्षेनंतर त्यांच्या वस्तीत जन्मलेली ही पहिली मुलगी, म्हणून वडिलांनी हौसेनं पंचशीला नाव ठेवलं. बहात्तरच्या दुष्काळात चौदाव्या वर्षी त्या आईबरोबर खडी फोडायला गेल्या. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खाऊन दिवस काढले. शेवटी नांदेडचे निवृत्तीमामा येऊन त्यांना घेऊन गेले. मामांचं घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान होतं.

त्या वर्षी पाऊस नव्हता, पण फोटो काढणारे पुष्कळ होते. सरकारी फोटोग्राफर, पेपरवाले, कोणकोण येऊन आटलेल्या विहिरींचे आणि खडीवर बसलेल्या बायकांचे फोटो काढून जात. पंचशीलाबाई म्हणायच्या, "आमच्यात कोणाच्या पोटात काय गेलं ते त्यान्ला दिसलं न्हाई. पर त्यांच्या लेन्सात आमची धूळ गेली." ती धूळ काढायला नांदेडात कोणी नव्हतं. घड्याळवाल्याचे हात बारीक कामाचे, म्हणून लेन्स मामांच्या दुकानात येऊ लागल्या. मामांची नजर अधू झालेली. भाचीनं एक उघडली, दुसरी उघडली, आणि मग घड्याळं मामांची, लेन्स भाचीच्या, अशी वाटणीच झाली.

तिथंच त्यांना एक गोष्ट कळली. सगळ्यात जास्त येणारी रशियन लेन्स वरून एकच दिसे. पुढच्या कडीवर तेच नाव, तेच मापाचे आकडे. पण उघडली की आतून वेगळी. कारखान्यानं नाव तेच ठेवून माल बदलत नेला होता. पंचशीलाबाईंना रशियन अक्षर ओळखता येत नव्हतं. त्यांनी आपल्या परीनं नावं ठेवली: थोरली, मधली आणि धाकटी. थोरली चंदेरी, आत उजेड कमीजास्त करणारी बारीक तेरा पाती. मधली आणि धाकटी दोघी काळ्या, दोघींना आठ पाती, आणि तिथंच भले भले फसत. मधलीवर अंतराचे आकडे फक्त मीटरमध्ये, धाकटीवर मीटर आणि फूट दोन्ही. मधलीच्या फिरवायच्या कडीवर खाचा बारीक, धाकटीवर रुंद. काच उजेडात तिरपी धरली की मधलीत निळी झाक, धाकटीत पिवळसर. आणि पुढच्या कडीवरच्या नंबराचे पहिले दोन आकडे म्हणजे ती कोणत्या साली जन्मली ते. हे त्यांना कोणी शिकवलं नाही. शेकड्यानं लेन्स उघडून त्यांनी ते स्वतः ताडलं होतं.

त्यांची एक रीत होती. लेन्स उघडण्याआधी जाड वहीत तिचं चित्र काढायचं. पाती किती, खाचा कशा, झाक कोणती, नंबर काय, तारीख काय. खाली गिऱ्हाइकाची सही. गिऱ्हाईक हसायचं. "बाई, लेन्स देऊन राहिलो का पोरगी?" असं एकानं विचारलंसुद्धा. बाई म्हणाल्या, "पोरगी आसती तर तुमाला इतकं इचारलं नसतं." आणि दुसरा नियम, टेबलावर एका वेळी एकच लेन्स उघडी.

लग्नानंतर त्या लातुरात आल्या आणि गंजगोलाईच्या बाजाराजवळ टेबल टाकून तेच काम करू लागल्या. नवरा एसटीच्या वर्कशॉपात होता. ब्याऐंशीच्या पंधरा ऑगस्टला लातूर जिल्हा झाला आणि गाव सरकारी पाट्यांनी भरून गेलं. अशाच एका नव्या कचेरीत मी कनिष्ठ लिपिक म्हणून चिकटलो. खात्याचं नाव सांगत नाही. आम्हाला तलावांच्या, विहिरींच्या कामांचे फोटो काढायला एक कॅमेरा मिळाला होता, त्याला हीच रशियन लेन्स. कचेरीच्या कायम सामानाच्या, म्हणजे डेडस्टॉक रजिस्टरात तिचा नंबर मीच चढवला. सुरुवात एक्याऐंशीनं होती.

पुढच्या फेब्रुवारीत लेन्स करकरू लागली. हेडक्लार्क आप्पासाहेबांनी मला ती घेऊन गंजगोलाईजवळ बाईंच्या टेबलाकडे पाठवलं. साहेबांचा दौरा दुसऱ्या दिवशी, लेन्स आजच पाहिजे. बाईंपुढे तेव्हा उदगीरच्या चंद्रप्पा फोटोग्राफरची लेन्स उघडी होती. त्या म्हणाल्या, "उद्या घेऊन जावा." मी म्हणालो, सरकारी काम आहे, थांबत नाही. मीच. माझ्या घाईपायी त्यांनी पहिल्यांदा नियम मोडला. चित्र मात्र काढलं, आणि त्याखाली मी सही ठोकली. बाईंनी सायकलच्या ट्यूबचं रबर लावलेली डबी टेकवून दोन्ही लेन्सच्या पुढच्या कड्या फिरवून काढल्या आणि एकाच ताटलीत स्पिरिटमध्ये टाकल्या.

मार्चमध्ये साठा पडताळणी ठरली, म्हणून मी रजिस्टर जुळवायला घेतलं. मी लेन्सचा नंबर वाचला, आणि पुन्हा वाचला. सुरुवात चौऱ्याहत्तरनं होती.

आप्पासाहेबांनी बाईंना बोलावून घेतलं. दार सताड उघडं, व्हरांड्यात शिपाई, बाकावर कामाला आलेली माणसं. आप्पासाहेब बसल्या जागेवरून ओरडले, "नवी लेन्स ठेवून घेतली आणि जुनी गळ्यात मारली. चोर आहेस तू!"

बाईंनी पदर सारखा केला. "लेन्स बघू द्या."

त्यांनी ती हातात घेतली, उजेडाला तिरपी धरली, मग भिंग लावून नंबर वाचला. त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला. त्या हळू म्हणाल्या, "चूक माझी हाय. ही कडी चंद्रप्पाअण्णाच्या लेन्सची. ताटलीत माझ्या हातून अदलाबदल झाली. पर लेन्स तुमचीच हाय, धाकटी हाय."

"धाकटी? लेन्सला धाकटी-थोरली असती होय?" आप्पासाहेब हसले, म्हणून मीही हसल्यासारखं केलं. "नंबर दुसरा म्हणजे लेन्स दुसरी. शासनाला नंबर कळतो."

"नंबर कडीवर हाय, साहेब. दारावरची पाटी बदलली म्हणून घर बदलत न्हाई."

आप्पासाहेबांनी कागद पुढे सरकवला. मजकूर तयार होता: लेन्स मी बदलून घेतली, किंमत भरून देते, क्षमा असावी. "सही कर. उद्या दुपारी पडताळणीवाले साहेब येतील, त्याच्या आत मिटवून टाकू. नाहीतर पोलिसात देतो. तुम्हा लोकांना जरा काम दिलं की..."

"कोणच्या लोकान्ला?" बाईंनी विचारलं.

आप्पासाहेबांनी कागद आणखी पुढे सरकवला.

"चूक झाली म्हणून लिहून देते, आत्ता देते. चोरी केली म्हणून मरंपर्यंत लिहिणार न्हाई. उद्या अकराला येते," त्या म्हणाल्या आणि निघाल्या.

मी मागोमाग जिन्यापर्यंत गेलो आणि म्हणालो, "ताई, सही करून टाका ना. मिटून जाईल."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की अजून आठवलं तरी मान खाली जाते. "तुमचं मिटंल. माझं चिकटंल. उद्या ह्या गावात कोण मला लेन्स उघडायला दील? अन् माझ्या पोरान्ला शाळंत काय म्हणतील?"

वहीतली माझी सही मला त्या क्षणी लख्ख आठवत होती. मी बोललो नाही. नोकरी नवी होती, कायम झालेली नव्हती, बहिणीचं लग्न तोंडावर होतं. कारणं माणसाला कधी कमी पडत नाहीत.

बाईंनी त्याच पावली उदगीरची एसटी धरली. चंद्रप्पा सरकारी कचेरीला भिणारा सज्जन माणूस. "अव्वा, मला त्यात ओढू नका," तो कानडी हेलात म्हणाला. बाई म्हणाल्या, "अण्णा, तुमची लेन्स महिना झाला दुसऱ्याचं नाव लावून बसलीय. वाचून तर बघा." त्यानं भिंग लावून वाचलं, एक्याऐंशी. कपाळाला हात लावला आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं तो लेन्स घेऊन आला.

अकराला बाई आल्या. काखेत वही, मागे चंद्रप्पा. दोन्ही लेन्स टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या गेल्या. बाईंनी वहीचं एक पान उघडलं. चंद्रप्पाच्या लेन्सचं चित्र: फक्त मीटर, बारीक खाचा, निळी झाक, नंबर चौऱ्याहत्तरचा. खाली चंद्रप्पाची कानडी वळणाची सही, तारीख ऐंशी सालची.

"हे आत्ता लिहून आणलं असंल," आप्पासाहेब म्हणाले.

चंद्रप्पा धीर करून बोलला, "नाही साहेब, सही माझीच. ऐंशी साली मी दिली होती, बुरशी काढायला."

"त्या तारखेला तुमचा जिल्हाच न्हवता, साहेब," बाई म्हणाल्या. "तवा ही कचेरी न्हवती, तुमचा कॅमेरा न्हवता. म्या कोणासाठी खोटं लिहून ठिवलं असंल?"

मग त्यांनी दुसरं पान उघडलं आणि वही माझ्यापुढे फिरवली. "ह्या क्लार्कसाहेबान्ला लेन्समधलं काही कळत न्हाई. म्हणून त्यांनीच बघून सांगावं. अन् खाली सही कोणाची हाय तेबी सांगावं."

आप्पासाहेब माझ्याकडे बघत होते. मी आमची लेन्स उचलली. आकडे मीटर आणि फूट दोन्ही. खाचा रुंद. खिडकीकडे तिरपी धरली, पिवळसर झाक. पानावर तेच, आणि नंबर एक्याऐंशीचा. मी म्हणालो, "जुळतंय. चित्रातली लेन्स हीच आहे." मी वही आप्पासाहेबांकडे फिरवली. "आणि सही माझी आहे. लेन्स उघडायच्या आधी केलेली."

ते वाक्य मी आदल्या दिवशी बोलायला हवं होतं. पुढे त्याच वाक्यापायी माझी निलंग्याला बदली झाली, पण उशिरा बोलणाऱ्याला एवढी शिक्षा कमीच.

बाईंनी पिशवीतून रबराची डबी काढली.

"हात लावायचा नाही! पुरावा आहे तो," आप्पासाहेब ओरडले.

"मग लावा कलम," असं म्हणत बाईंनी डबी टेकवून पहिली कडी काढली, मग दुसरी. चौऱ्याहत्तरची कडी चंद्रप्पाच्या लेन्सवर बसवून ती त्याच्या हातात दिली. आमची लेन्स नाव-नंबराशिवाय टेबलावर राहिली आणि तिची कडी बाईंनी आप्पासाहेबांपुढे ठेवली.

मग त्यांनी कागद मागून घेतला आणि उभ्यानंच लिहिलं: दोन लेन्सच्या कड्या माझ्या हातून बदलल्या, ही चूक माझी. खाली पूर्ण नाव. "हे माझं. आता तुमचं लिहा."

"माझं काय?"

"मला चोर म्हणालात ते."

आप्पासाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. पडताळणीवाले साहेब यायला वेळ नव्हता, आणि रजिस्टरात चढवायला त्यांच्यापुढे बिननंबरी लेन्स होती. कडी फिरवून बसवणं काही अवघड नाही. त्यांनी हात पुढे नेलासुद्धा, पण मी, चंद्रप्पा आणि दारातले शिपाई त्यांच्या हाताकडे बघत होतो. स्वतःच बसवली असती, तर नंबर नुसता कडीवर असतो हे सगळ्यांदेखत कबूल झालं असतं. त्यांनी हात मागे घेतला, पेन उचललं आणि लिहिलं: गैरसमज झाला.

बाईंनी वाचून कागद परत दिला. "गैरसमज न्हाई. चोर म्हणालात. चोर लिहा, अन् ते खोटं हाय असं लिहा."

आप्पासाहेबांच्या मानेवरची शीर फुगली. पण लिहिलं: श्रीमती पंचशीला सोनकांबळे यांना मी चोर म्हणालो, ते खोटे आहे. सही केली, शिक्का मारला.

"वाचा," बाई म्हणाल्या.

त्यांनी पुटपुटत वाचलं.

"असं न्हाई. काल चोर म्हणालात ते व्हरांड्यातल्या बाकापर्यंत ऐकू गेलं होतं. ते खोटं हाय हेबी तिथपर्यंत जाऊ द्या."

व्हरांड्यात माणसं उठून दाराशी आली होती. आप्पासाहेब खुर्चीवरून उठले, कागद डोळ्यांसमोर धरला आणि पुन्हा पहिल्यापासून, मोठ्यानं वाचू लागले.