कमळाच्या टबातले ठसे

"खुरपं ठेव खाली," बाबा म्हणाले. "तुह्या आईची बोटं हायेत तिथं."

अकोल्यातल्या आमच्या गच्चीवर कमळाचा टब आहे. कंद आईने बार्शीटाकळीजवळच्या तळ्यातून आणला होता. ती दवाखान्यात असताना टबात पाणी घालायचं सगळ्यांचंच राहून गेलं. ती गेली. पाणी आटलं आणि काळ्या मातीवर चार बोटांचे ठसे दिसू लागले. कंद बसवताना तिने चिखल दाबला होता.

तेव्हापासून बाबा तिथे बसतात. पाणी घालू देत नाहीत.

आज संध्याकाळी मी कडेने उकरून पाहिलं. खाली ओल होती, कंदाला कोंब होता. चिखल नव्याने कालवून, कोंब उघडा ठेवून कंद लावला नाही, तर तो वाळणार.

"बाबा, कंदबी तिनंच आणला नं."

"मले काय सांगून राहिली? पिशवी धरून मीच उभा होतो."

बऱ्याच वेळाने त्यांनीच बादली उचलली. पाणी ओतताना तोंड फिरवलं. ठसे आधी भरले, मग विरले. मी चिखल कालवला, कंद लावला.

तुम्ही असतात तर काय केलं असतं?

या पोस्टला सकाळी जोडलेली ओळ: कंद सुटून पाण्यावर तरंगत होता. बाबांनी तो पुन्हा बसवला आणि वर दगड ठेवला.