दप्तरखान्यातला नीरो

जिन्याखालून वाकून आत शिरावं लागे, अशा जागी कचेरीचा दप्तरखाना होता आणि त्यात एकतीस वर्षं तो. वाकण्याची सवय अशी अंगवळणी पडली की रस्त्यातही तो मान खाली घालूनच चाले. कुठला कागद कितव्या गठ्ठ्यात आहे हे तो बसल्या जागेवरून सांगायचा. त्याचं कौतुक कुणी केलं नाही. कागद हाती आला की तो शोधणाऱ्याची आठवण कुणाला राहते?

कौतुक झालं ते एकदाच, तेही लेखी आणि इंग्रजीत. सोळा वर्षांपूर्वी भर दुपारी दप्तरखान्यात तारा जळून आग लागली. तो तीनदा आत गेला आणि जमिनींचे सगळे नकाशे बाहेर काढले. चौथ्यांदा छातीनं साफ नकार दिला. तो पायरीवर बसला, कुणीतरी हातात चहा दिला आणि नेमके तेव्हाच मोठे साहेब गाडीतून उतरले. साहेबांना काजळी दिसली नाही, चहा दिसला. त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात त्यांनी एका ओळीचा शेरा मारला: हा माणूस म्हणजे साक्षात नीरो.

हेडक्लार्कनं तो त्याला गुपचूप दाखवला.

"नीरो म्हणजे काय हो?"

"रोमचा बादशहा होता, अरे!"

त्यानं अर्थ विचारला, वापर विचारायचं राहून गेलं.

पुढे मुख्य दप्तरदाराच्या जागेसाठी त्यानं तीनदा अर्ज केला. प्रत्येक अर्जाच्या शेवटी लिहिलं, 'साहेबांनी माझ्याविषयी मारलेला शेरा कृपया विचारात घ्यावा.' तो तीनही वेळा विचारात घेतला गेला. जागा तीनही वेळा दुसऱ्याला मिळाली.

आता निवृत्तीला आठ महिने उरले होते. चौथा अर्ज, म्हणजे शेवटचाच. शाळेत इंग्रजी शिकवणारी लेक तो टाइप करून देत होती.

"बाबा, हा शेरा खरंच असा आहे?"

"अक्षरन् अक्षर."

"आणि तुम्ही आपण होऊन त्याच्याकडे बोट दाखवता?"

"साहेबांनी बादशहा म्हटलंय मला. दाखवू नको?"

तिनं चष्मा काढून ठेवला. "बाबा, इंग्रजीत कुणाला नीरो म्हणणं ही शिवी आहे. शहर जळत असताना हा गात-वाजवत बसला, असं म्हणतात. खरं-खोटं देव जाणे. पण नाव वापरतात ते त्याच अर्थानं. निर्दय, बेफिकीर."

"तरीच कचेरीतले मोठे बाबू माझा अर्ज वाचताना हसायचे. मला वाटायचं, त्यांना बरं वाटतंय."

"मी येते तुमच्याबरोबर त्या साहेबांकडे."

"नको. तू भांडशील. मला भांडायचं नाहीये, शेरा बदलून हवाय."

तो एकटाच गेला. मोठे साहेब आता निवृत्त होऊन दोन खोल्यांत राहत. दृष्टी जवळजवळ गेलेली.

"नीरो? मी म्हणालो?" साहेब खुशीत आले. "वाक्य चांगलं आहे, हं."

मग त्यानं त्या दुपारची हकीकत सांगितली. ती आजवर कुणाला सांगितली नव्हती, कारण कुणी विचारलीच नव्हती. साहेबांची खुशी हळूहळू उतरली.

"अरे, मग तेव्हाच का नाही बोललास?"

"मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून तर बादशहा म्हणालात."

साहेबांनी बोटांनी टेबल चाचपलं, त्याच्यापुढे कोरा कागद सरकवला. "मला दिसत नाही. तूच लिही, मी सही करतो. हवं ते लिही."

कर्तव्यदक्ष, निष्ठावान, कार्यतत्पर. दुसऱ्यांचे असले शेरे त्यानं जन्मभर गठ्ठ्यांत बांधले होते, एकालाही धुराचा वास नव्हता. त्यानं पेन उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. शेवटी लिहिलं: 'आग लागली तेव्हा हा कर्मचारी नकाशे काढण्यासाठी आत होता.'

"एवढंच?"

"पुरे, साहेब. दमलो."

सही ओळ सोडून बरीच खाली गेली, पण झाली.

तो कागद त्यानं अर्जाला जोडला. पाच महिन्यांनी हुकूम आला, अर्ज मान्य. मुख्य दप्तरदाराच्या खुर्चीत बसायला त्याच्याकडे तीन महिने होते. त्यातला पहिला आठवडा तो उभाच राहिला, कारण खुर्ची दुरुस्तीला गेली होती.